हंगामापूर्वीची पारख : बेसबॉलपटूंच्या भवितव्याचे गणित

फेब्रुवारीचा मध्य आला, की अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघांचे पिचर आणि कॅचर फ्लोरिडा व ॲरिझोना या उबदार राज्यांतील सरावतळांवर दाखल होतात. मागोमाग इतर खेळाडू येतात आणि मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या प्रारंभी हंगाम सुरू होईपर्यंत संघव्यवस्थापक, वार्ताहर आणि लक्षावधी शौकीन एकाच प्रश्नाच्या मागे लागतात : यंदा कोण चालेल आणि कोण ढासळेल? तीस संघ, प्रत्येकाचे १६२ सामने आणि प्रमुख फलंदाजाच्या वाट्याला येणाऱ्या सहाशेहून अधिक पाळ्या, असा हा प्रदीर्घ पसारा असतो. खेळाडूला काय द्यायचे, किती वर्षांसाठी द्यायचे, कोणाला घरी पाठवायचे, हे मात्र पहिला चेंडू पडण्यापूर्वीच ठरवावे लागते. त्यामुळे बेसबॉलमध्ये भाकीत ही करमणूक राहिलेली नाही, ते एक शास्त्र आणि त्याहूनही अधिक एक व्यवहार झाले आहे.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाला या खेळाचे मोजमाप प्रथम समजून घ्यावे लागेल. क्रिकेटचा फलंदाज बाद होईपर्यंत खेळतो, बेसबॉलचा फलंदाज पाळीगणिक नवा हिशेब मांडतो. दहा पाळ्यांत तीनदा चेंडू यशस्वीपणे टोलवून बेस गाठणारा फलंदाज उत्तम समजला जातो. त्याची सरासरी .३०० अशी लिहितात आणि ‘तीनशे’ अशी वाचतात. .४०० ची सरासरी पूर्ण हंगामभर राखणारा प्रमुख लीगमधील एक दुर्मीळ फलंदाज म्हणजे टेड विल्यम्स. ते वर्ष होते १९४१ आणि सरासरी होती .४०६. उलटपक्षी, .२५० चा फलंदाज सामान्य. या सामान्य आणि उत्तम फलंदाजांतील अंतर पाचशे पाळ्यांत अवघ्या पंचवीस टोल्यांचे आहे, म्हणजे आठवड्याला सुमारे एक. रोज मैदानात बसणाऱ्यालाही नुसत्या डोळ्यांनी हा फरक दिसणे जवळजवळ अशक्य. वहीखात्याची गरज इथूनच निर्माण होते.

<b>पहारेकऱ्याची वही</b>

हे वहीखाते गांभीर्याने मांडणाऱ्यांत बिल जेम्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. कॅन्सस राज्यातील लॉरेन्स येथे डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात रात्रपाळीची राखण करताना त्यांनी बेसबॉलचे आकडे तपासण्यास आरंभ केला आणि १९७७ मध्ये ‘बेसबॉल ॲबस्ट्रॅक्ट’ ही वार्षिक पुस्तिका स्वखर्चाने काढली. पहिल्या वर्षी तिच्या जेमतेम पाऊणशे प्रती खपल्या. पाच वर्षांनी मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती हाती घेतली आणि बेसबॉलचे रूढ शहाणपण एकेक करून कसोटीला लागू लागले. फलंदाजाचे वय २७ च्या आसपास असताना तो सर्वोच्च बिंदूवर असतो, तिशीनंतर नव्हे, हे जेम्स यांनी आकड्यांनी दाखवले. लघु लीगमधील कामगिरीचे योग्य रूपांतर केले, तर ती प्रमुख लीगमधील कामगिरीची चांगली सूचक ठरते, हेही त्यांनी १९८५ मध्ये मांडले. संघांना हे पटायला वेळ लागला. बॉस्टन रेड सॉक्सने जेम्स यांना सल्लागार म्हणून नेमले ते २००२ मध्ये. आणि २००४ मध्ये या संघाने ८६ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर विजेतेपद मिळवले. श्रेय केवळ जेम्स यांचे नव्हे, हे उघड आहे.

भाकितांची मागणी वाढण्यास आणखी एक कारण घडले. १९८० मध्ये लेखक डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमधील एका फ्रेंच उपाहारगृहाच्या नावावरून कागदी संघांची स्पर्धा सुरू केली. खरे खेळाडू लिलावात घ्यायचे आणि त्यांच्या खऱ्या आकड्यांवर गुण मोजायचे, असा हा खेळ. तो देशभर पसरला आणि दर मार्चमध्ये पुढील हंगामाचे आकडे विकत घेणारा मोठा वर्ग तयार झाला. आज संघांच्या कार्यालयांत वापरल्या जाणाऱ्या अनेक पद्धतींचे मूळ हौशी मंडळींच्या या चढाओढीत आहे.

<b>सरासरीची ओढ</b>

सर्व भाकितांच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. असामान्य यशात गुणवत्तेबरोबर नशिबाचाही वाटा असतो. गुणवत्ता पुढच्या वर्षी बरोबर येते, नशीब येतेच असे नाही. म्हणून फार वर गेलेला खाली आणि फार खाली गेलेला वर, असे दोघेही सरासरीकडे सरकतात. बॉल्टिमोरच्या ब्रेडी अँडरसनने १९९५ मध्ये १६ होमरन मारले, १९९६ मध्ये ५० आणि १९९७ मध्ये १८. मधल्या वर्षाच्या आकड्यावर विसंबून ज्याने पुढचा अंदाज बांधला असेल, तो फसला.

ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी याच तत्त्वाचे उदाहरण म्हणून १९७० च्या हंगामातील अठरा फलंदाज घेतले. त्यांच्या केवळ पहिल्या ४५ पाळ्या पाहून उरलेल्या हंगामाचा अंदाज करायचा होता. पिट्सबर्गचा रॉबेर्तो क्लेमेंते तेव्हा .४०० वर होता. प्रत्येकाचा आकडा जसाच्या तसा पुढे नेण्याऐवजी सर्वांना अठरा जणांच्या मध्याकडे ओढले, तर एकूण चूक साडेतीन पटींनी कमी झाली. मात्र या हिशेबाने क्लेमेंतेच्या वाट्याला .२९४ ही सरासरी आली. प्रत्यक्षात त्याने उर्वरित हंगामात .३४६ ने फलंदाजी केली. म्हणजे .४०० हा अंदाज जितका वर चुकला, जवळपास तितकाच .२९४ हा खाली चुकला! कारण सूत्राला पंचेचाळीस पाळ्यांपलीकडचा क्लेमेंते ठाऊकच नव्हता. त्यापूर्वी त्याने चार वेळा आपल्या लीगमध्ये सर्वोच्च सरासरी नोंदवली होती. समूहाबद्दल बरोबर ठरणारे सूत्र नेमक्या असामान्य माणसाबाबत तोकडे पडते, ही या विद्येची जुनी जखम आहे.

तिच्यावरचा पहिला उपाय म्हणजे एकाऐवजी तीन हंगाम पाहणे. टॉम टँगो या टोपणनावाने लिहिणाऱ्या अभ्यासकाने २००४ मध्ये ‘मार्सेल’ ही पद्धत प्रसिद्ध केली. माकडालाही जमेल इतकी ती सोपी, म्हणून एका दूरचित्रवाणी मालिकेतील माकडाचे नाव तिला दिले. गेल्या तीन हंगामांना अनुक्रमे ५, ४ आणि ३ असे वजन द्यायचे. त्यात लीगच्या सरासरी दर्जाच्या १२०० पाळ्या मिसळायच्या. आणि २९ व्या वर्षापुढील प्रत्येक वर्षासाठी थोडी घट, अलीकडील प्रत्येक वर्षासाठी थोडी वाढ करायची.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तेहेतीस वर्षांच्या एका फलंदाजाने प्रत्येकी सहाशे पाळ्यांच्या तीन हंगामांत २२, २५ आणि अगदी अलीकडे ४० होमरन मारले आहेत. वजने लावली की ७२०० पाळ्यांत ३६६ होमरन होतात. लीगचा दर शंभर पाळ्यांना तीन धरला, तर मिसळलेल्या १२०० पाळ्यांचे ३६ आणखी मिळतात. एकूण ८४०० पाळ्यांत ४०२. वयाची घट सव्वा टक्क्याच्या आसपास. पुढील हंगामातील पाळ्या मोजण्यासाठी गेल्या वर्षाच्या निम्म्या, त्याआधीच्या वर्षाच्या एक दशांश आणि वर दोनशे, असे सूत्र आहे. ते ५६० देते. गुणाकार केला की उत्तर येते सव्वीस. चाळीस होमरनच्या जोरावर पगारवाढ मागायला आलेल्या माणसापुढे कार्यालयातून सव्वीसचा कागद सरकवला जातो, तो असा. आश्चर्य असे, की अधिक क्लिष्ट पद्धतींना या माकडाला मागे टाकणे फारसे साधलेले नाही. साधले तेही थोड्याच फरकाने. निरनिराळ्या पद्धतींच्या उत्तरांची सरासरी मात्र बहुधा एकट्या कोणत्याही पद्धतीपेक्षा सरस ठरते.

<b>एक आकडा की अनेक?</b>

क्लिष्ट पद्धतींत सर्वाधिक गाजली ती ‘पेकोटा’. शिकागोतील एका हिशेबतपासनीस संस्थेत नोकरी करताना नेट सिल्व्हर यांनी ती तयार केली आणि २००३ पासून ती ‘बेसबॉल प्रॉस्पेक्टस’ या प्रकाशनातून प्रसिद्ध होऊ लागली. पुढे २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या अंदाजांमुळे नाव झालेले सिल्व्हर ते हेच. पेकोटा खेळाडूचे वय, बांधा आणि कामगिरी पाहून इतिहासातून त्याच्याशी मिळतेजुळते खेळाडू शोधते आणि त्या वयानंतर त्यांचे काय झाले, ते तपासते. तिचा खरा गुण असा, की ती एकच आकडा देत नाही. नशिबाने साथ दिली तर किती, न दिली तर किती आणि मधोमध किती, अशी पायऱ्यांची उतरंड ती मांडते. वाचक मधला आकडा तेवढा लक्षात ठेवतात आणि तो चुकला की पद्धतीला दोष देतात, हा भाग वेगळा.

बॉस्टनचा डस्टिन पेड्रोया हा पेकोटाचा मानबिंदू. उंची जेमतेम पावणेसहा फूट, अंगकाठीही लहान. गावोगावी हिंडून खेळाडू हेरणाऱ्या स्काउट मंडळींना तो फारसा भावला नाही. पेकोटाने २००६ मध्ये त्याला देशातील अग्रगण्य उदयोन्मुख खेळाडूंत बसवले. २००७ च्या एप्रिलमध्ये त्याची सरासरी दोनशेच्याही खाली होती आणि टीकाकार सरसावले होते. संघाने धीर धरला. त्याने हंगाम .३१७ वर संपवला, सर्वोत्कृष्ट नवोदिताचा किताब मिळवला आणि पुढच्याच वर्षी आपल्या लीगच्या सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचाही.

दुसरी बाजू मॅट वीटर्सची. या कॅचरने २००८ मध्ये लघु लीगमध्ये .३५५ ने फलंदाजी केली आणि पेकोटाने २००९ साठी त्याला तीनशेच्या वर सरासरी देऊन थेट दिग्गजांच्या रांगेत बसवले. वीटर्सची पहिल्या हंगामाची सरासरी .२८८ आणि संपूर्ण कारकिर्दीची .२४९ राहिली. चार वेळा तारांकित संघात निवड झालेला हा उत्तम खेळाडू. पण आयुष्यभर त्याची तुलना एका कागदावरील आकड्यांशी होत राहिली.

परदेशी लीगमधून येणाऱ्यांची पारख त्याहून अवघड. इचिरो सुझुकी २००१ मध्ये सिॲटलला आला, तेव्हा जपानमध्ये सलग सात वर्षे सर्वोच्च सरासरी त्याच्या नावावर होती. तरीही हा सडपातळ फलंदाज अमेरिकी वेगापुढे टिकेल का, याविषयी शंका होती, कारण तोपर्यंत तेथे यशस्वी झालेले जपानी खेळाडू पिचर होते. इचिरोने पहिल्याच हंगामात २४२ टोले आणि .३५० ची सरासरी नोंदवली.

भारताचा या विषयाशी आलेला संबंध याहून विलक्षण आहे. २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटू निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. दोघांनीही पूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. मागील हंगामाचे आकडे नाहीत, तुलनेला समान खेळाडू नाहीत, हाताशी होता तो केवळ वेगमापकाचा काटा. दोघेही लघु लीगच्या खालच्या पायऱ्यांपलीकडे गेले नाहीत. वेग हे पारखण्याचे एक साधन आहे, पारख नव्हे, एवढे त्यातून दिसले.

<b>पिचरचा खांदा, पिचरचे कोपर</b>

फलंदाजांच्या तुलनेत पिचरचे भाकीत कायमच कच्चे राहिले आहे. व्होरोस मॅक्रॅकन या हौशी अभ्यासकाने २००१ मध्ये दाखवले, की फलंदाजाने मारलेला आणि मैदानातच राहिलेला चेंडू टोला ठरतो की झेल, यावर पिचरचे नियंत्रण समजले जाते त्याहून फारच थोडे असते. पेड्रो मार्टिनेझसारखा अलौकिक पिचर या मोजमापात १९९९ मध्ये तळाशी आणि २००० मध्ये माथ्याशी होता. कौशल्य एका वर्षात असे उलटत नाही. उलटतो तो योगायोग. तेव्हापासून पिचरने दिलेल्या धावांपेक्षा त्याने किती फलंदाज स्ट्राइकआऊट केले, किती वॉक दिले आणि किती होमरन खाल्ले, यावरून त्याची पुढची वाटचाल जोखली जाते.

परंतु कोपराचे काय? १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन याच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच हातातील स्नायूबंध बसवला. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी ही शस्त्रक्रिया आज इतकी सर्रास झाली आहे, की कोणत्याही संघाच्या सरावतळावर तिचा व्रण मिरवणारे अनेक हात सापडतात. कोणाचे कोपर कोणत्या महिन्यात दगा देईल, हे सांगणारे सूत्र मात्र आजवर कोणाला गवसलेले नाही. मार्चमधील सराव सामन्यांचे निकालही फसवेच असतात. पिचर नवा चेंडू घोटवत असतो, समोर पुष्कळदा लघु लीगमधले कोवळे फलंदाज असतात. जाणकार त्या आकड्यांकडे दुर्लक्ष करून एवढेच पाहतात, की गेल्या वर्षीचा वेग शाबूत आहे ना.

सूत्राला दिसत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे माणसाने स्वतःत घडवलेला बदल. होजे बाउटिस्टा २००४ च्या एकाच हंगामात चार संघांतून फिरला होता. २००९ पर्यंत कोणत्याही वर्षी त्याचे होमरन सोळापलीकडे गेले नव्हते. टोरांटोत त्याने पाय उचलून आधीच टोला सुरू करण्याची ढब आत्मसात केली आणि २०१० मध्ये ५४ होमरन मारले. हे अँडरसनसारखे एका वर्षाचे नवल असावे, असाच बहुतेकांचा समज झाला. पुढील वर्षी त्याने ४३ मारले. असे बदल लवकर टिपण्याची सोय २०१५ पासून झाली, जेव्हा सर्व मैदानांवर प्रत्येक टोल्याचा वेग आणि कोन मोजला जाऊ लागला. २०२० पासून त्यासाठी ‘हॉक-आय’चे कॅमेरे वापरले जातात. पायचीतच्या निर्णयांमुळे आपल्याकडे परिचित झालेली यंत्रणा तीच. ताशी ९५ मैलांहून, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरहून वेगाने गेलेले चेंडू किती, यावरून महिन्याभरात फलंदाजाचा कस अजमावता येतो; सरासरी स्थिर होण्याची वाट पाहावी लागत नाही.

तरीही शोहेइ ओहतानी घडतोच. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे २०२४ मध्ये तो पिचर म्हणून खेळणार नव्हता. २०२३ च्या नियमांनी बेस मोठे केले आणि पिचरच्या हालचालींवर मर्यादा आणल्या, त्यामुळे धावत बेस चोरणे सोपे झाले होते. पण २६ हा ज्याचा पूर्वीचा उच्चांक, तो ५९ बेस चोरेल आणि जोडीला ५४ होमरन मारेल, असे कोणत्या सूत्राने सांगितले असते?

<b>तिशीचा भाव</b>

या साऱ्या गणिताचा खरा परिणाम पाहायचा, तर करारांकडे पाहावे. प्रमुख लीगमधील करार बहुतांशी हमीचे असतात. खेळाडू ढासळला तरी पैसे द्यावेच लागतात. दुसरीकडे, साधारण सहा वर्षांची सेवा झाल्याशिवाय खेळाडूला खुल्या बाजारात आपला भाव करता येत नाही. म्हणजे बावीस-चोविसाव्या वर्षी आलेला खेळाडू मोकळा होतो तो तिशीच्या उंबरठ्यावर. त्याची उत्तम वर्षे तुलनेने अल्प मोबदल्यात सरलेली असतात आणि मोबदला मागण्याची वेळ येते तेव्हा घसरण सुरू होत असते.

संघांनी हे दीर्घकाळ मनावर घेतले नव्हते. आल्बर्ट पुहोल्सने सेंट लुईसकडून अकरा हंगामांत .३२८ ची सरासरी आणि ४४५ होमरन नोंदवल्यानंतर २०११ च्या डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस एंजल्सने त्याच्याशी दहा वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. वय एकतीस. तेथे त्याने एकदाही तीनशेची सरासरी गाठली नाही आणि दहावे वर्ष संपण्यापूर्वीच त्याला मोकळे करण्यात आले. बॉल्टिमोरने २०१६ च्या प्रारंभी ख्रिस डेव्हिसला सात वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर देऊ केले. २०१८ मध्ये त्याची सरासरी.१६८ होती.

अशा अनुभवांनंतर वयाचा आलेख प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर लागला. २०१७-१८ च्या हिवाळ्यात तिशीतील खेळाडूंकडे कोणी फिरकेना. फेब्रुवारीत सराव सुरू झाला तरी इतके खेळाडू करारावाचून राहिले होते, की खेळाडूंच्या संघटनेने फ्लोरिडातील ब्रेडेंटन येथे त्यांच्यासाठी स्वतंत्र सरावतळ उघडला. सर्व संघांची गणिते एकाच उत्तरावर येऊ लागली, की बाजारात घासाघीस उरत नाही. हे सूत्रांचे यश असेल, पण त्याची किंमत खेळाडूंनी मोजली. २०२२ च्या कामगार करारात किमान वेतन सात लाख डॉलर झाले आणि तरुण खेळाडूंसाठी वर्षाला पाच कोटी डॉलरचा वेगळा निधी ठेवला गेला. तो वाटतानाही आधार घेतला गेला तो अशाच एका आकडेशास्त्रीय गुणांकाचा!

त्या हिवाळ्यात अडकलेल्यांपैकी एक होता माइक मुस्टाकस. २०१७ मध्ये त्याने ३८ होमरन मारून कॅन्सस सिटीच्या संघाचा तेव्हाचा विक्रम केला होता. संघाने देऊ केलेला एका वर्षाचा १ कोटी ७४ लाख डॉलरचा प्रस्ताव नाकारून तो बाजारात उतरला. मार्चमध्ये त्याच संघाकडे ६५ लाखांच्या हमीवर परतला. २०१८ मध्ये त्याने २८ होमरन मारले, २०१९ मध्ये मिल्वॉकीकडून ३५. त्या डिसेंबरमध्ये सिनसिनाटीने त्याला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख डॉलर दिले. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. दुखापती आणि घसरलेली सरासरी पाहून २०२३ च्या जानेवारीत, करारातील अखेरचे वर्ष बाकी असतानाच, संघाने उरलेले पैसे देण्याचे मान्य करून त्याला मोकळे केले. पुहोल्स मात्र २०२२ मध्ये बेचाळिसाव्या वर्षी सेंट लुईसला परतला, तो अवघ्या २५ लाख डॉलरवर, आणि त्याने २४ होमरन मारून सातशेचा टप्पा ओलांडला.